मशीनला ‘ळ’ येत नाही

नमस्कार ताई,
मी २९ वर्षांची. बार्शीत एका पतसंस्थेत हिशेब बघते. शिक्षण बी.कॉम., बारावीला गणित होतं, एक्सेलवर हात बरा चालतो. गेल्या दिवाळीपासून मशीन लर्निंग शिकायचं डोक्यात घेतलंय. तीन कोर्स सुरू केले, एकही पुरा झाला नाही. प्रत्येक वेळी व्हेक्टर-मॅट्रिक्सपासून सुरुवात होते आणि आयगेनव्हॅल्यू आली की मी गळपटते. कुणी म्हणतं हे सगळं जुनं झालं, थेट डीप लर्निंग शिक. पुण्यातला एक क्लास १ लाख २० हजारांत ‘हमखास नोकरी’ देतो म्हणतो. भाऊजी म्हणतात, कोड आता एआयच लिहितं, तू कशाला डोकं फोडतेस? लॅपटॉप साधा आहे, ८ जीबीचा, ग्राफिक्स कार्ड नाही. इंग्रजी वाचता येतं, पण तासाभरात थकायला होतं. आठवड्याला पाच-सहा तास निघतील. कुठून सुरू करू?
– एक वाचक, बार्शी

नमस्कार,

आधी मला एक सांगा. एक्सेलमध्ये दोन रकान्यांचा आलेख काढून त्यावर कधी ट्रेंडलाइन टाकली आहे का? हिशेबाच्या कामात एकदा तरी टाकली असेलच. ती रेषा म्हणजे लिनिअर रिग्रेशन. म्हणजे एक मॉडेल तुमच्या हातून आधीच तयार झालंय, फक्त त्या वेळी कुणी त्याला भारी नाव दिलं नव्हतं.

म्हणून पहिला आठवडा पायथन नको आणि चौथा कोर्सही नको. एक्सेलच उघडा. एका रकान्यात १, २, ३ लिहा, शेजारी ३, ५, ७. दुप्पट करून एक मिळवला की उत्तर येतं, हे तुम्हाला दिसतंय. मशीनला दिसत नाही. त्याला एवढंच ठाऊक आहे की उत्तर म्हणजे ‘पहिली संख्या गुणिले काहीतरी, अधिक काहीतरी’. ही दोन काहीतरी त्याने शोधायची आहेत. दोन्ही शून्यावर ठेवून सुरुवात करा. अंदाज येतो ०, ०, ०. चुका ३, ५ आणि ७ च्या. त्यांचे वर्ग करून सरासरी काढा, २७.६७ येईल. आता गुणक किंचित वाढवला तर ही सरासरी किती वेगाने बदलते? हा वेग म्हणजे ग्रेडियंट, तुमच्या बारावीतलं डिफरन्सिएशन. इथे तो गुणकासाठी उणे २२.६७ येतो आणि मिळवायच्या संख्येसाठी उणे १०. उणे आलं म्हणजे आकडा वाढवला की चूक घटणार. किती वाढवायचा? ग्रेडियंटचा दहावा हिस्सा धरू. गुणक झाला २.२७, मिळवायची संख्या १. परत चूक मोजा: ०.३३. एका पावलात २७.६७ वरून ०.३३ वर!

थांबू नका, आता तेच पाऊल दहाव्याऐवजी अर्ध्या हिश्श्याचं टाका. चूक घटायची सोडून ५७२ वर जाते. मशीन उतारावरून घसरत पलीकडच्या डोंगरावर चढलं. पाऊल केवढं टाकायचं या आकड्याला लर्निंग रेट म्हणतात, आणि पुढे कधी तुमचं नेटवर्क (असे हिशेब थरांवर थर रचून केलेलं मॉडेल) काही केल्या शिकेनासं झालं तर सगळ्यात आधी संशय याच्यावर घ्यायचा. मोठमोठ्या नेटवर्कमध्येही हेच चालतं, फक्त दोनऐवजी लाखो-कोट्यवधी आकडे असतात आणि शेवटी झालेल्या चुकीचा वाटा एकेका थरातून मागे-मागे वाटत जावा लागतो. ते बॅकप्रॉपगेशन. १९८६ साली रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांच्या शोधनिबंधाने ते सर्वतोमुखी केलं. तुम्ही दिवसभर तफावत शोधून ती कुठल्या नोंदीतून आली ते मागे जात काढता, त्यामुळे ही कल्पना तुम्हाला इंजिनीअरिंगच्या मुलांपेक्षा लवकर पचेल असं मला वाटतं.

हे एक्सेलमध्ये हाताने दोन-तीनदा करा. मग गणिताची भीती कुठल्या भागाची आहे ते तुमचं तुम्हालाच कळेल. बालभारतीच्या बारावी वाणिज्यच्या गणितात मॅट्रिक्स, डिफरन्सिएशन, लिनिअर रिग्रेशन ही प्रकरणं आहेत. सुरुवातीला त्याहून फार पुढे जायची गरज नाही. सरासरी आणि विचलन, थोडी शक्यता, मॅट्रिक्सचा गुणाकार, उताराची कल्पना, बस. आयगेनव्हॅल्यू लागते, नाही असं नाही, पण ती पीसीए (खूप रकाने थोडक्यात आटवायची पद्धत) शिकाल तेव्हा. तोवर तिला दारात उभी करा. तुमचे तीन कोर्स अडले ते तुमच्या डोक्यामुळे अडलेले नाहीत. जेवायला बसलेल्या माणसाला आधी चुलीची रचना समजावणारे कोर्स होते ते.

पुढचा महिना-सव्वा महिना पायथन. यादी, डिक्शनरी, फॉर लूप, फंक्शन, आणि पांडाज ही पायथनची लायब्ररी वापरून सीएसव्ही फाइल (तक्त्याची साधी मजकूर फाइल) वाचणं, गाळणं, गटवार बेरजा करणं. जे पिव्हट टेबलने करता तेच इथे लिहून करायचं. नवा लॅपटॉप घ्यायच्या भानगडीत पडू नका. गूगल कोलॅब ब्राउझरमध्ये चालतं, काही इन्स्टॉल करावं लागत नाही, आणि मर्यादित वेळ का होईना, ग्राफिक्स कार्डही फुकट मिळतं. कॅगल या माहितीसंच आणि स्पर्धांच्या संकेतस्थळावरही तशीच सोय आहे. २०१२ साली अ‍ॅलेक्सनेट नावाच्या नेटवर्कने चित्रं ओळखण्याच्या स्पर्धेत बाकीच्यांना मागे टाकलं आणि डीप लर्निंगची, म्हणजे अनेक थरांच्या नेटवर्कची, लाट खऱ्या अर्थाने आली. ते नेटवर्क सुमारे १२ लाख चित्रांवर, गेम खेळायला घेतात तसल्या दोन ग्राफिक्स कार्डांवर, पाच-सहा दिवसांत शिकवलं होतं. तुम्हाला जे काम मी पुढे सांगणार आहे ते फुकटच्या कार्डावर चहा होईस्तोवर उरकेल.

आता पायथननंतर काय? इथेच बहुतेकांची गाडी चुकते. प्रत्येक कोर्स आयरिसच्या फुलांवर घेऊन जातो. १५० फुलं, तीन जाती, पाकळ्या आणि निदलं यांची मिळून चार मापं. संख्याशास्त्रज्ञ फिशरने १९३६ मध्ये वापरलेली ही माहिती अजून वर्गावर्गांतून फिरते आहे. वाईट नाही, पण बार्शीत आयरिस पाहिलाय कुणी? मशीनने ‘व्हर्सिकलर’ जात म्हटलं तर ते बरोबर की चूक, हे तुम्ही फूल बघून सांगू शकत नाही. जिथे मशीनची चूक तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी पकडता येते, असंच काम निवडा. माझ्या मते नवशिक्यासाठी हा एक नियम बाकी सगळ्या अभ्यासक्रमांवर भारी आहे.

तुमच्या गावातच एक काम पडलंय. बाजार समितीतली तूर. केंद्र सरकारच्या अ‍ॅगमार्कनेट संकेतस्थळावर बाजारवार, तारीखवार आवक आणि किमान, कमाल व सर्वसाधारण दर मिळतात. दोन-तीन वर्षांची बार्शीची तूर उतरवून घ्या. पहिले पंधरा दिवस नुसती साफसफाई करण्यात जातील: रविवार, सण, बाजार बंद, एखाद्या दिवशी एक शून्य जास्त पडलेलं. हे काम कंटाळवाणं आहे आणि नोकरीत बराच वेळ यातच जातो, तेव्हा सवय झालेली बरी.

मग प्रश्न विचारा: उद्याचा सर्वसाधारण दर काय असेल? मॉडेल बनवण्याआधी एक अडाणी अंदाज लिहून ठेवा, ‘उद्याचा दर आजच्याइतकाच’. त्याची सरासरी चूक किती रुपये क्विंटल येते ते काढा. त्यानंतर सायकिट-लर्न ही पायथनची लायब्ररी घेऊन लिनिअर रिग्रेशन लावा, रँडम फॉरेस्ट (हो-नाही प्रश्नांची अनेक झाडं करून त्यांच्या उत्तरांची सरासरी काढणारी पद्धत) लावा. बहुधा दोघांनाही त्या अडाणी अंदाजाला हरवताना घाम फुटेल. निराश होऊ नका, अडत्यांनाही फुटतो. पण आपलं मॉडेल कशाच्या तुलनेत चांगलं, हा प्रश्न तेव्हापासून तुमची पाठ सोडणार नाही.

यात एक सापळा आहे. पुस्तकी पद्धतीने माहितीचे सरमिसळ करून दोन वाटे केले, ८० टक्के शिकायला आणि २० टक्के तपासायला, तर आकडे एकदम झकास येतील. कारण १२ आणि १४ मार्च शिकण्याच्या वाट्यात गेले, १३ मार्च तपासणीच्या. मशीनने मधला दिवस दोन्हीकडून बघितलेला! प्रत्यक्षात तुम्हाला १४ तारीख आधी कधीच दिसणार नसते. म्हणून तारखेची रेघ मारायची: रेघेच्या आधीचं शिकायला, नंतरचं तपासायला. लेखापरीक्षक आला की कुठली व्हाउचर्स काढायची ते तो ठरवतो, आपण नाही. तपासणीची माहिती तशी जपायची. आणखी एक गंमत बघा. तुरीचा दर आजवर न पाहिलेल्या उंचीवर गेला तर रँडम फॉरेस्ट तिथवर पोचतच नाही. त्याचं उत्तर म्हणजे पाहिलेल्या दरांच्या सरासऱ्या, मग पाहिलेल्याच्या वर तो बोलणार कसा?

मी यात स्वतः तोंडावर आपटले आहे. सुरुवातीच्या दिवसांत एका वितरकासाठी ‘कुठला दुकानदार उधारी उशिरा देईल’ याचं मॉडेल केलं होतं. पहिल्याच फेरीत जवळपास सगळे अंदाज बरोबर. मी दोन दिवस हवेत. तिसऱ्या दिवशी त्यांच्या वसुलीच्या माणसाने सहज विचारलं, “मॅडम, यात स्मरणपत्राच्या तारखेचा रकाना कशाला?” स्मरणपत्र अर्थातच उशीर झालेल्यांनाच जायचं. मशीन उत्तरपत्रिका बघून पेपर लिहीत होतं. तो रकाना काढला आणि मॉडेल ‘गेल्या वेळी उशीर, या वेळीही उशीर’ एवढ्यावर येऊन बसलं.

त्यावरून आठवलं. पतसंस्थेत बसता म्हणून सभासदांची कर्जखाती सरावाला घ्यायचा मोह होईल. नका घेऊ. ती माहिती लोकांनी संस्थेला कर्जासाठी दिलेली आहे, तुमच्या कोलॅबवर चढवायला नाही, आणि नावं पुसल्याने फारसा फरक पडत नाही. छोट्या गावात थकबाकीची रक्कम आणि तारीख पाहून माणूस ओळखू येतो. कधी संस्थेनेच हे काम रीतसर सांगितलं तर एवढं लक्षात ठेवा: शंभरात चार खाती थकणार असतील तर ‘कुणीच थकणार नाही’ म्हणणारं मॉडेल ९६ टक्के बरोबर असतं आणि कवडीच्याही कामाचं नसतं.

तूर झाली की डीप लर्निंग. थेट का नको, हे आता सांगता येईल. रकान्यांच्या तक्त्यांवर रँडम फॉरेस्ट किंवा ग्रेडियंट बूस्टिंगसारख्या पद्धती बहुतेकदा पुरून उरतात, तिथे नेटवर्क म्हणजे मुंगीला हत्तीची अंबारी. चित्र, आवाज, मजकूर आला की मात्र नेटवर्कला पर्याय नाही. इंग्रजी कोर्समध्ये इथे हस्तलिखित इंग्रजी आकडे येतात, ७०,००० चित्रांचा एमनिस्ट संच. तुम्ही देवनागरी घ्या. नेपाळच्या संशोधकांनी २०१५ मध्ये हस्तलिखित देवनागरीचा एक संच केला. ९२,००० चित्रं, ४६ वर्ग, प्रत्येकाची २,००० चित्रं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या खुल्या माहितीसाठ्यात तो मिळतो. प्रत्येक चित्र ३२ बाय ३२ ठिपक्यांचं, म्हणजे एक्सेलच्या भाषेत १,०२४ आकड्यांची एक ओळ. आधी त्यावर साधं लॉजिस्टिक रिग्रेशन (आकड्याऐवजी वर्ग सांगणारं रिग्रेशन) लावा, मग पायटॉर्च किंवा केरास या नेटवर्क बांधायच्या लायब्ररीत दोन थरांचं नेटवर्क, शेवटी कन्व्होल्युशन (चित्रावर छोटी चौकट सरकवत आकार टिपणारे थर). प्रत्येक पायरीला गुण किती वाढले ते वहीत लिहा. शेवटच्या पायरीला ९८ टक्क्यांच्या आसपास पोचायला हरकत नाही. तिथे कोर्स संपतात आणि प्रमाणपत्र मिळतं.

तुम्ही मात्र तिथे एक कागद घेऊन त्यावर ठळक ‘ळ’ काढा. फोटो घ्या, ३२ बाय ३२ करा. त्या संचात काळ्यावर पांढरं अक्षर आहे आणि तुमच्या कागदावर पांढऱ्यावर काळं, तेव्हा रंग उलटे करायला विसरू नका, नाहीतर एकही अक्षर धड ओळखलं जाणार नाही आणि तुम्ही आठवडाभर कोडला शिव्या घालत बसाल. मग मशीनला विचारा हे काय आहे.

ते ‘ळ’ म्हणणार नाही. ते ४६ वर्ग म्हणजे क ते ह ही ३३ व्यंजनं, क्ष-त्र-ज्ञ आणि दहा अंक. नेपाळीला ‘ळ’ लागत नाही, म्हणून त्या संचात तो नाहीच. पण मशीन ‘मला माहीत नाही’ असंही म्हणत नाही. त्याच्या शेवटच्या थरात ४६ खुर्च्या आहेत आणि शंभर टक्के त्यांच्यातच वाटून टाकायचे आहेत. त्यामुळे तुमच्या ‘ळ’ला ते भलत्याच कुठल्यातरी अक्षराचं नाव देईल आणि कदाचित मोठ्या खात्रीने देईल. मग ‘बाळ’ लिहून बघा, ‘केळी’ लिहून बघा. (एकेक अक्षर सुटं करून, काना-मात्रा त्या संचात नाहीत.) आपला दोन पाकळ्यांचा ‘ल’ काढून बघा, नेपाळी हातांनी लिहिलेल्या ‘ल’वर शिकलेलं मशीन तिथे अडखळतं का. शिरोरेघ न देता लिहा.

एखाद्या गोऱ्या माणसाला ही मजा कळणार नाही. तुम्हाला कळेल, कारण त्या अक्षराबाबत तुम्ही मशीनपेक्षा शहाण्या आहात. ९८ टक्के या आकड्याचा खरा अर्थ असा: ज्या प्रकारची अक्षरं दाखवली त्याच प्रकारच्या अक्षरांवर ९८ टक्के. मुंबईतल्या एखाद्या बँकेच्या मॉडेलचाही अर्थ एवढाच असतो, पण तिथे कुठला ‘ळ’ निसटला ते बाहेरून दिसत नाही.

आता ‘ळ’ जमवा. घरच्यांकडून, शेजारच्या शाळेतल्या पोरांकडून, ऑफिसातल्या लोकांकडून. ४७ वी खुर्ची मांडा आणि मशीन पुन्हा शिकवा. तुमच्याकडे दोनशे ‘ळ’ आणि बाकी प्रत्येकाची शिकण्याच्या वाट्यात १,७०० चित्रं, तेव्हा ते बिचारं अक्षर दबणार. मग त्याला तिरकं करून, थोडं सरकवून, जाड-बारीक करून संख्या कशी वाढवायची ते शोधावं लागेल. त्याला ऑगमेंटेशन म्हणतात, पण गरज पडल्यावर शब्द कळला की तो विसरत नाही. एक खबरदारी: एका माणसाचे काही ‘ळ’ शिकायला आणि काही तपासायला असं करू नका. दोन-तीन माणसं पूर्ण बाजूला ठेवा, त्यांचं अक्षर मशीनने परीक्षेआधी पाहताच कामा नये. तुरीच्या तारखेसारखंच.

एवढं केलं की मजकुराकडे जा. पुण्याच्या एलथ्रीक्यूब गटाने मराठीसाठी बरंच काम खुलं केलंय. महासेंटमध्ये सुमारे १६,००० मराठी ट्विट्स सकारात्मक, नकारात्मक, तटस्थ अशा खुणा करून ठेवलेली आहेत आणि महाबर्ट नावाचं, मराठी मजकुरावर आधीच शिकवलेलं मॉडेल हगिंग फेस या मॉडेलांच्या खुल्या संकेतस्थळावर मिळतं. ते महासेंटवर शिकवा आणि मग त्याला एखादा बार्शीचा टोमणा देऊन बघा, ‘फारच हुशार बाई तुम्ही’ वगैरे.

कोर्स कुठला घ्यायचा? एकच घ्या आणि तोही हाताशी ठेवा, डोक्यावर नको. मशीन लर्निंगसाठी अँड्र्यू एंग यांचा, डीप लर्निंगसाठी एनपीटेल या आयआयटींच्या व्याख्यानांच्या संकेतस्थळावरचा आयआयटी मद्रासच्या मितेश खापरा यांचा. एनपीटेलचं बघणं फुकट, पैसे फक्त परीक्षेचे. पहिला व्हिडिओ ते शेवटचा असं बघत बसू नका. तुरीत अडलात की त्या विषयाचा भाग बघा, पुन्हा तुरीवर या. इंग्रजीने थकायला होतं याला माझ्याकडे एकच उपाय आहे, वही. ओव्हरफिटिंग, व्हॅलिडेशन, लॉस असे शब्द आहेत तसे ठेवा, पण प्रत्येकापुढे तुमच्या मराठीत एक वाक्य लिहा. माझ्या जुन्या वहीत ओव्हरफिटिंगपुढे लिहिलंय: ‘गाइड पाठ, पेपर फिरवला की नापास’.

क्लासबद्दल. पैसे भरू नका, निदान आत्ता. तरी जायचंच ठरलं तर ‘हमखास नोकरी’ कागदावर लिहून द्या म्हणावं, नाही लागली तर फी परत हेही त्यातच. आणि गेल्या तुकडीतल्या कुणाचंही एक काम दाखवा म्हणावं, जे आयरिस, टायटॅनिकचे प्रवासी किंवा घरांच्या किमती या ठरलेल्या सरावांपैकी नाही. बहुतेक ठिकाणी संभाषण इथेच संपतं. नोकरीचं खरं सांगायचं तर आठवड्याला पाच-सहा तास देऊन वर्षभरात कुणी तुम्हाला ‘एमएल इंजिनीअर’ म्हणून घेईल असं मला वाटत नाही. पण ज्याला ताळेबंद वाचता येतो आणि वर पायथनमध्ये माहिती हाताळता येते असा माणूस बँका, लेखापालांची कार्यालयं, सूतगिरण्या, दूध संघ यांना सहज मिळत नाही. तुमचा हिशेबाचा अनुभव पुसून नव्याने सुरुवात करू नका, त्याच्यावरच हे चढवा.

भाऊजींचं अर्धं बरोबर आहे. कोड एआय लिहितं आणि तुम्हीही ते जरूर वापरा, विशेषतः लाल अक्षरात आलेली एरर समजून घ्यायला. त्यासाठी मराठीत विचारलंत तरी चालतं. पण पहिलं शिकवण्याचं चक्र, म्हणजे अंदाज, चूक, ग्रेडियंट, पाऊल, हे हाताने टाइप करा. आणि भाऊजींना तुरीचा तक्ता देऊन एआयकडून मॉडेल करून घ्यायला सांगा. मग बघा, त्याने माहितीचे वाटे करताना तारखेची रेघ मारली की पत्ते पिसले. पिसले असतील तर ते तुम्ही पकडाल, भाऊजी नाही पकडणार.

ता. क. – ‘ळ’ गोळा करताना लहान मुलांचे आणि सत्तरीपुढच्यांचे वेगळे ठेवा. आमच्या आईचा ‘ळ’ माझ्या मशीनने सलग अकरा वेळा ‘४’ वाचला, आणि ती अजून माझ्यावरच रागावलेली आहे. तुमच्या मशीनने काय वाचलं ते कळवा.